प्रतीक्षा यादी कशी वाचावी?

२००७ सालची गोष्ट आहे. मी शास्त्र शाखेतून बारावी पास झालो होतो आणि पुण्यातल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षासाठी अर्ज केला होता. यादी लागायच्या दिवशी मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, शिवऱ्याहून सकाळच्या एस.टी.ने स्वारगेटला उतरलो. महाविद्यालयाच्या फलकापुढे गर्दी होती. मुख्य यादी मी दोनदा वरून खाली वाचली. तीत माझे नाव नव्हते. शेजारी दुसरा एक कागद चिकटवलेला होता, त्यावर 'प्रतीक्षा यादी, अनुसूचित जाती' असे लिहिलेले होते. त्यात चौथ्या क्रमांकावर माझे नाव होते.

अण्णांनी विचारले, "म्हंजी काय रं?" मला सांगता आले नाही. खिडकीतल्या कारकुनाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "वेटिंगला आहे. जागा झाली तर बघू." अण्णा रस्त्याच्या कामावर मजुरी करीत. त्या दिवसाची हजेरी त्यांनी बुडवली होती. फाटकाबाहेर आल्यावर ते म्हणाले, "बघू म्हंजी नाही. चल घरी." कचेरीच्या खिडकीतून येणाऱ्या 'बघू' या शब्दाचा जो अर्थ त्यांना आयुष्यभर कळत आला होता, तोच त्यांनी लावला. त्यात त्यांची चूक नव्हती.

बाराएक दिवसांनी शेजारच्या गावातल्या एका मुलाने सांगितले की दुसरी यादी लागली आणि तीत तुझे नाव होते. मी धावत पुण्याला गेलो. फी भरायला दोन दिवसांची मुदत होती आणि ती आदल्या दिवशी संपली होती. जागा माझ्या खालच्या, पाचव्या क्रमांकाच्या मुलाला दिली गेली होती. कारकुनाने मला रजिस्टर दाखवले. त्यात काही खोटे नव्हते. माझ्यावर कोणी अन्याय केला असे म्हणायला मला जागाच नव्हती, कारण सारे नियमाप्रमाणे झाले होते. फक्त तो नियम आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हता.

पुढे मी तालुक्याच्या ठिकाणी बी.ए.ला प्रवेश घेतला, अर्थशास्त्र विषय घेतला, आणि आज तोच विषय शिकवतो. त्याचे मला दुःख नाही. पण गेली काही वर्षे मी महाविद्यालयाच्या प्रवेश समितीवर काम करतो, म्हणजे आता मी खिडकीच्या आतल्या बाजूला आहे. दरवर्षी जून ते ऑगस्ट या काळात मला बाहेर उभे असलेले अण्णा आणि त्यांचा मुलगा दिसतात. नावे निराळी, गावे निराळी, पण 'बघू म्हणजे नाही' हा निष्कर्ष तोच. म्हणून हा लेख. यात साहित्यिक काही नाही. शिक्षणाच्या दारात आपली मुले कुठे आणि कशी गळतात, हे आपल्या कार्यकर्त्यांना, शिक्षकांना आणि खुद्द विद्यार्थ्यांना नेमके कळावे, इतकाच याचा हेतू आहे.

१

पहिली गोष्ट अशी की प्रतीक्षा यादी ही रांग असते, आणि ती रांग पुढे सरकते. का सरकते हे समजून घेतले पाहिजे. एकच विद्यार्थी चार-पाच ठिकाणी अर्ज करतो. चांगले गुण असलेल्याचे नाव चारही ठिकाणी लागते, पण बसणार तो एकाच ठिकाणी. उरलेल्या तीन जागा मोकळ्या होतात. दुसरे कारण असे की अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय यांच्या सामाईक प्रवेशफेऱ्या बहुधा साध्या पदवी वर्गांचे प्रवेश सुरू झाल्यावर पार पडतात. त्या फेऱ्यांत जागा मिळालेली मुले बी.एस्सी.च्या जागा सोडून जातात. तिसरे कारण फीचे. मुदतीत फी न भरणारे, कागद अपुरे असणारे आपोआप गळतात. म्हणजे पहिली यादी लागते त्या दिवशी जागा भरलेल्या दिसतात, प्रत्यक्षात त्यांपैकी अनेक जागांवर तात्पुरती नावे असतात.

म्हणून यादीत नाव दिसल्यावर चार प्रश्न विचारावेत. माझा क्रमांक कितवा आहे? तो माझ्या प्रवर्गातला आहे की सर्वसाधारण यादीतला? पुढची यादी कोणत्या तारखेला, कुठे लागणार आहे? गेल्या वर्षी ही यादी कितव्या क्रमांकापर्यंत गेली होती? चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे आणि तोच कोणी विचारीत नाही. गेल्या वर्षी प्रतीक्षा यादी नवव्या क्रमांकापर्यंत गेली असेल, तर चौथ्या क्रमांकाच्या मुलाने घरी जाऊन दुसऱ्या कामाला लागणे म्हणजे हातातली जागा टाकून देणे आहे. या माहितीत गुप्त असे काही नसते. कार्यालयात ती असते. विचारणारा मात्र लागतो. शहरातल्या शिकल्या-सवरल्या घरात हा प्रश्न मामा विचारतो, काका विचारतो, पलीकडच्या इमारतीतले प्राध्यापक विचारतात. त्यालाच पुढे गुणवत्ता असे नाव मिळते.

या चार प्रश्नांबरोबर एक सवय लावून घ्यावी. दूरध्वनी क्रमांक आणि पत्ता अर्जावर चालू असलेलाच लिहावा. आता याद्या संगणकावर लागतात आणि निरोप मोबाइलवर येतो. सायबर कॅफेवाल्याने अर्ज भरताना स्वतःचाच क्रमांक टाकला, आणि विद्यार्थ्याला निरोप कधी पोचलाच नाही, असे प्रकार मी पाहिलेले आहेत. फलक गेला, खिडकी गेली, पण रांग राहिली आहे. अंतरही राहिले आहे, फक्त ते आता किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

अकरावीच्या बाबतीत २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने प्रवेश सुरू झाले. त्यात विद्यार्थ्याने दहापर्यंत महाविद्यालये पसंतीच्या क्रमाने लिहायची होती. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते, न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जात होते. हा नियम माहीत नसल्यामुळे 'मोठे नाव' म्हणून दूरचे महाविद्यालय पहिले लिहायचे, आणि ते लागल्यावर जायचे परवडत नाही म्हणून घरी बसायचे, असे होऊ शकते. पसंतीक्रम लिहिताना पहिला विचार एस.टी.चा आणि वसतिगृहाचा करावा, दुसरा विषयाचा, आणि नावाचा सर्वांत शेवटी. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फेऱ्यांत 'फ्रीझ' आणि 'बेटरमेंट' असे दोन शब्द येतात. 'फ्रीझ' म्हणजे मिळालेली जागा कायम केली, पुढच्या फेरीतून आपण बाहेर. 'बेटरमेंट' म्हणजे मिळालेली जागा धरून ठेवून वरच्या पसंतीसाठी थांबलो. वरची जागा मिळाली की खालची आपोआप जाते. नियमांचा तपशील दर वर्षी बदलतो, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून, माझ्यासुद्धा, कळ दाबू नये.

२

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रतीक्षा यादी वाचण्यापूर्वी मुख्य यादी तपासावी लागते.

महाराष्ट्रात उच्च शिक्षणातल्या प्रवेशासाठी अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७ टक्के, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या चार गटांना मिळून ११ टक्के, इतर मागासवर्गाला १९ टक्के आणि विशेष मागास प्रवर्गाला २ टक्के जागा आहेत. ही बेरीज ५२ होते. २०१९ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे १० टक्के आणि २०२४ च्या कायद्याने सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गाचे १० टक्के त्यात मिळाले. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले, हेही लक्षात असावे. अशा हिशेबाने खुल्या जागा २८ टक्के उरतात.

आता १२० विद्यार्थ्यांची एक तुकडी घ्या. व्यवस्थापनाचा वा अन्य कसला कोटा नाही असे धरा. खुल्या जागा ३४ आणि अनुसूचित जातींच्या १६ होतील. समजा गुणानुक्रमे पहिल्या ३४ मुलांत आपल्या समाजाची तीन मुले आहेत. ती कोणत्या खात्यात मोजायची? उत्तर स्पष्ट आहे. ती खुल्या जागांवर मोजायची, आणि अनुसूचित जातींच्या १६ जागा त्यांच्यानंतरच्या मुलांपासून भरायच्या. म्हणजे तुकडीत आपली एकूण १९ मुले बसतील. 'खुला' हा कोणा एका वर्गासाठी राखलेला प्रवर्ग नाही. तो नावाप्रमाणे सर्वांना खुला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात हे तत्त्व मांडले, २०२० मध्ये सौरव यादव खटल्यात समांतर आरक्षणाच्या संदर्भात ते पुन्हा सांगितले, आणि २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या वैद्यकीय प्रवेशांबाबतच्या रामनरेश खटल्यात त्याचाच आधार घेऊन विद्यार्थ्यांना न्याय दिला.

पण एखाद्या कार्यालयात, अज्ञानाने म्हणा किंवा सवयीने म्हणा, ती तीन मुले अनुसूचित जातींच्या १६ मध्येच मोजली गेली तर काय होते पाहा. वरच्या तिघांचे काही बिघडत नाही, त्यांना प्रवेश मिळालेलाच असतो. त्यामुळे तेही बोलत नाहीत. फटका बसतो तो राखीव यादीतल्या शेवटच्या तिघांना. ती मुले यादीतून बाहेर जाऊन प्रतीक्षा यादीत पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर उभी राहतात, आणि आपण गुणांत कमी पडलो असे समजून परत जातात. मग आरक्षण ही किमान हमी न राहता कमाल मर्यादा होऊन बसते. १६ च्या पुढे तुम्ही यायचे नाही, असा तिचा अर्थ होतो. हे तपासायला वकील लागत नाही. खुल्या यादीत शेवटच्या मुलाला किती गुण आहेत ते पाहावे. त्याच्यापेक्षा अधिक गुण असलेली नावे राखीव यादीत दिसत असतील, तर त्याच दिवशी लेखी विचारणा करावी.

'लेखी' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. तोंडी विचारले की 'बघू' असे उत्तर येते. साध्या कागदावर चार ओळींचा अर्ज लिहावा, दोन प्रती कराव्यात, एक आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती पोच जपून ठेवावी. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या हाती आहे, पण त्याला उत्तर द्यायची मुदत ३० दिवसांची असते, आणि प्रवेशाच्या दिवसांत ३० दिवस म्हणजे सारा हंगाम. तेव्हा आधी प्राचार्यांना अर्ज, मग विद्यापीठाच्या मागासवर्गीय कक्षाला अर्ज, आणि माहितीचा अधिकार पुढच्या वर्षाच्या तयारीसाठी, असा क्रम ठेवावा.

३

तिसरी गोष्ट कागदांची. रांग आपल्यापर्यंत पोचते आणि नेमका त्या दिवशी कागद नसतो, हे दरवर्षीचे दृश्य आहे.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. वैधता जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते आणि तिला वेळ लागतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागेसाठी वैधता मागितली जाते. ही पडताळणी २००१ पासून अमलात आलेल्या राज्याच्या कायद्याखाली होते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला, गाव नमुना, जन्म-मृत्यूच्या नोंदी, यांतले काही ना काही शोधावे लागते. ज्यांच्या आजोबांना शाळेत बसू दिले नाही, त्यांच्याकडे आजोबांचा शाळेचा दाखला मागायचा, हा या व्यवस्थेतला मोठा विनोद आहे. पण त्यावर हसून चालत नाही. घरात वडिलांना, चुलत्याला किंवा वडिलांकडच्या इतर जवळच्या नातेवाइकाला वैधता मिळालेली असेल तर तिची प्रत जोडावी, काम सोपे होते. आणि अर्ज बारावीच्या निकालानंतर करण्यापेक्षा अकरावीतच करावा. शासन कधी कधी मुदत वाढवते. वाढवेलच असे धरून बसू नये.

आपल्या बौद्ध कुटुंबांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. केंद्र सरकारच्या संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन केंद्रीय संस्थेच्या दारात गेलेली मुले त्या दारातून परत फिरतात. दोन्ही नमुने आधीच काढून ठेवावेत.

पैशाचा प्रश्नही असाच. 'फी आजच भरा, नाहीतर जागा जाईल' असे ऐकले की आईचे मंगळसूत्र सावकाराकडे जाते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासून आहे. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आज तिची वार्षिक उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्यापेक्षा अधिक उत्पन्न असेल तर राज्यात फ्रीशिप म्हणजे शिक्षण व परीक्षा शुल्काची माफी आहे. २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत, पात्र विद्यार्थ्याला आगाऊ फी न भरता प्रवेश घेता यावा यासाठी फ्रीशिप कार्डाची तरतूद केलेली आहे. तेव्हा कर्ज काढण्याआधी हा अर्ज लिहून द्यावा.

एकदा फी भरली की अडकलो, असाही एक समज आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली परताव्याचे नियम केले. प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा अधिक आधी प्रवेश रद्द केला तर थोडे प्रक्रिया शुल्क वजा जाता सारी फी परत, त्यानंतर पण शेवटच्या तारखेच्या आत ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि त्यानंतर काही नाही. मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे तपासून परत द्यायची असतात, अडकवून ठेवायची नसतात, हेही त्याच नियमांत आहे. याला आपली स्वतःची एक जबाबदारीही जोडलेली आहे. दुसरीकडे चांगली जागा मिळाली तर पहिली जागा लगेच, लेखी सोडावी. आपण दोन जागा अडवून बसलो तर आपल्या मागे रांगेत उभा असलेला बहुतेक वेळा आपल्याच प्रवर्गातला, आपल्याच वस्तीतला असतो.

वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नाही म्हणून शिक्षण सोडणारेही पुष्कळ आहेत. सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहात ज्यांना प्रवेश मिळाला नाही, त्यांच्यासाठीच २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या मोठ्या शहरात शिकणाऱ्याला तिच्यातून वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत ठरवलेली आहे. म्हणजे वसतिगृहाच्या यादीतून राहून गेलेले नाव हाच या योजनेसाठीचा आधार आहे. म्हणून तो कागद फेकू नये. पैसा उशिरा येतो, हे खरे आहे. त्याबद्दल लढावे लागेल. पण अर्जच केला नाही तर लढायला जागाच राहत नाही.

४

इथपर्यंत प्रवेश झाला. आता मी माझ्या स्वतःच्या चुकीविषयी लिहिणार आहे.

आमच्या महाविद्यालयात दोन वर्षांपूर्वी वेल्ह्याच्या डोंगराकडची एक मुलगी प्रतीक्षा यादीतून आली. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाची पद्धत सुरू झाली आहे. विद्यार्थ्याने मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचा विषय असे अनेक तुकडे जोडून आपला अभ्यासक्रम बनवायचा. प्रत्येक ऐच्छिक विषयाला मुलांची संख्या ठरलेली, आणि जो आधी येईल त्याला आधी. टिपणे, चर्चा, प्रश्नोत्तरे यांसाठी वर्गाच्या लहान लहान बॅचेस. ही मुलगी आली तेव्हा तीन आठवडे उलटले होते. सोयीच्या बॅचेस भरल्या होत्या. उरली होती ती दिवसातली शेवटची, आणि तिची गाडी त्या तासाच्या अर्ध्यावरच निघे.

मला हे माहीत नव्हते. मी विचारलेही नाही. ती दिवसाच्या व्याख्यानांना बसे आणि चर्चेच्या तासाला नसे. मी तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडत गेलो. अंतर्गत गुणांची वेळ आली तेव्हा मी तिला बोलावले आणि जरा कडक स्वरात विचारले. तिने गाडीची वेळ सांगितली. बॅच बदलायला पाच मिनिटे लागली. शहरातच राहणाऱ्या एका मुलाने आनंदाने अदलाबदल केली. मी तिला म्हणालो, "अगं, हे पहिल्याच दिवशी का सांगितलं नाहीस?" ती म्हणाली, "सर, नाव लागलं तेच पुष्कळ झालं की."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. प्रतीक्षा यादी माणसाला हे शिकवते. आपण मागाहून आलो, कोणाच्या तरी मोकळ्या झालेल्या जागेवर बसलो, तेव्हा आता आणखी काही मागू नये, अशी वृत्ती ती घडवते. प्रवेश हा हक्क म्हणून मिळालेला असतो, पण आपली मुले तो उपकारासारखा बाळगतात. आणि उपकाराखाली असलेला माणूस प्रश्न विचारीत नाही. म्हणून मी बॅचच्या प्रश्नाला गौण मानत नाही. शंभर मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पदवी मिळते. पण आपले मत मांडणे, दुसऱ्याचे खोडणे, चुकणे आणि चूक मान्य करणे हे त्या वीस मुलांच्या खोलीतच शिकता येते. ती खोली ज्याला मिळाली नाही, त्याला महाविद्यालय अर्धेच मिळाले.

बाबासाहेबांच्या चरित्रातल्या दोन गोष्टी मी विद्यार्थ्यांना या संदर्भात सांगतो. पहिली गोष्ट ९ मे १९१६ ची. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो छापला गेला. जातिसंस्थेच्या चिकित्सेचा एवढा मोठा पाया घातला गेला तो अशा एका लहान वर्गात, समोरासमोर बसलेल्या माणसांपुढे. दुसरी गोष्ट १९१७ सालची. लंडनमधले शिक्षण सुरू असताना बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना परत यावे लागले. जागा गेली असे समजून ते स्वस्थ बसले नाहीत. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली, १९२० मध्ये ते परत गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आपण नेहमी बोलतो. पण नियम वाचून, अर्ज करून, आपली जागा राखून ठेवणारा हा विद्यार्थीही आपण डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे. पहिल्या चाचणीच्या आधी आपल्या हजेरीपटात उशिरा आलेली नावे वेगळी काढा. त्यांना तीन गोष्टी विचारा. तुझी शेवटची गाडी किती वाजता आहे? हा विषय तू घेतलास की उरला म्हणून मिळाला? मागच्या आठवड्यांची टिपणे कोणाकडून घेतलीस? विषय बदलायची मुदत बहुधा सत्राच्या सुरुवातीलाच संपते, त्यामुळे हे लगेच विचारावे लागते. आणि प्रवेशाच्या आधीच्या तासांची गैरहजेरी विद्यार्थ्याच्या माथी मारली जाऊ नये, हे विभागप्रमुखांकडून लिहून घ्या.

कार्यकर्त्या मित्रांना सांगायचे ते असे. आपल्या वस्त्यावस्त्यांतून जयंती मंडळे आहेत. एप्रिलमध्ये ती जागी असतात. तीच जून ते ऑगस्ट जागी राहिली तर फार मोठे काम होईल. आमच्या शिवऱ्याच्या वस्तीत आम्ही एक साधी वही ठेवली आहे. विद्यार्थ्याचे नाव, अभ्यासक्रम, प्रवर्ग, यादीतला क्रमांक, पुढच्या यादीची तारीख, कोणता कागद बाकी आहे, इतकेच रकाने. रविवारी सकाळी विहारात बसून ती वही वाचली जाते. ज्याची तारीख जवळ आली असेल त्याच्या घरी निरोप जातो. दाखल्यांच्या छायाप्रतींचा खर्च मंडळ करते. यासाठी कोणतीही संस्था काढावी लागली नाही.

अण्णा आता थकले आहेत. कामाला जात नाहीत. रविवारी ते विहाराच्या पायरीवर येऊन बसतात. गेल्या जूनमध्ये एक मुलगा तोंड पाडून आला. म्हणाला, नाव लागले नाही, वेटिंगला आहे. मी काही बोलण्याच्या आत अण्णांनी त्याला जवळ बोलावले आणि विचारले, "नंबर कितवा हाय? आन गेल्या साली यादी कितव्यापतुर गेली हुती, ते इचारलंस का?"

मुलाने विचारले नव्हते. तो दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने विचारायला गेला.